आधी सांगायचं कुणी?

वकिलाच्या टेबलावर पोचपावत्यांचा एक गठ्ठा कायम असतो. माझ्याही आहे, रबर लावलेला. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली आधी नोटीस द्यायची, ती पोचल्यापासून दोन महिने थांबायचं आणि मगच दावा दाखल करायचा. दाव्याचे कागद तपासणारा अनुभवी कारकून पहिलं पान वाचत नाही. तो मागून पानं उलटत आधी पोचपावती शोधतो. ती नसेल तर तुमचं म्हणणं कितीही खरं असो, फाइल परत.

काही वर्षांपूर्वी एक आंबा बागायतदार वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या बागेपासून हाकेच्या अंतरावर येऊ घातलेल्या एका प्रकल्पाच्या जनसुनावणीची ती जाहीर सूचना होती. टेंडर नोटिसा आणि हरवल्याच्या जाहिराती यांच्यामध्ये चार बोटांची चौकट. सुनावणी होऊन नऊ दिवस झाले होते. सूचना कचेरीच्या फलकावरही लावली होती, असं त्यांना सांगण्यात आलं. तसा एक फलक मी पाहिलेला आहे. काचेची दोन दारं, दारांना कुलूप, आत उन्हानं पिवळे पडलेले कागद एकावर एक टाचलेले. खालचा वाचायचा तर वरचा उचलायला हवा, आणि वरचा उचलायचा तर किल्ली हवी. बागायतदारांनी मला विचारलं, "वकीलसाहेब, मी सरकारवर जायचं तर दोन महिने आधी सांगायचं. आणि सरकार माझ्या बागेवर येणार, तर त्यानं मला किती आधी सांगायचं?"

उत्तर मला माहीत होतं. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, तीही स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. मी ते सांगितलं. पण प्रश्नातला खोचकपणा मनातून जाईना. नोटीस म्हटलं की आम्हा वकिलांना पक्षकारानं सरकारला द्यायची नोटीसच आधी आठवते. उलट्या दिशेच्या नोटिशीकडे आम्ही सहसा बघत नाही. जर्मनीतल्या पर्यावरणाच्या खटल्यांचं वाचन मी त्यानंतर सुरू केलं, कारण तिथे गेली पन्नास वर्षं भांडण नेमकं याच दिशेवरून चाललं आहे. हा संग्रह त्या वाचनातून झाला. निकालांचा गोषवारा पुढे ज्या त्या प्रकरणात आहेच. इथे मला बोलायचं आहे ते उंबरठ्याबद्दल: कोर्टाच्या दारात पाऊल टाकण्याआधी कुणी, कुणाला, किती दिवसांत आणि कोणत्या शब्दांत काय कळवलेलं असावं लागतं.

खटल्याआधीची नोटीस ही कल्पना आपल्याला नवी नाही. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानं सामान्य नागरिकाला प्रदूषकावर दावा लावायचा अधिकार दिला आणि त्याबरोबर ६० दिवसांच्या पूर्वसूचनेची अट घातली. आपल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १९ मध्येही नागरिकाच्या फिर्यादीसाठी ६० दिवसांचीच नोटीस आहे. हेतू बरा आहे. समोरच्याला चूक सुधारायची संधी मिळावी, उगाच कोर्टकचेरी होऊ नये. रिट याचिकेला मात्र कलम ८० लागत नाही. त्यामुळे जगण्याच्या हक्कात स्वच्छ पर्यावरण बसवणारे आपले मोठे निकाल या फाटकातून आत आलेच नाहीत, ते शेजारच्या दारानं आले.

जर्मनीत असं फाटक नाही. कार्ल्सरुहच्या संघीय घटना न्यायालयात कुणीही घटनात्मक तक्रार करू शकतो. कोर्ट फी नाही, दाखल करताना वकील लागत नाही, सरकारला आधी कळवावं लागत नाही. लेखी अर्ज पुरतो, मात्र साधा ई-मेल चालत नाही. वर्षाला अशा पाच हजारांच्या आसपास तक्रारी येतात. नुसता त्रास देण्यासाठी केलेल्या तक्रारीला २,६०० युरोपर्यंत भुर्दंड बसू शकतो. हे वाचून आपल्याकडचा माणूस म्हणेल, काय भाग्यवान लोक! मीही तसंच म्हटलं होतं.

मग बारीक अक्षरं वाचली. न्यायालयाच्या निकालाविरुद्धची तक्रार एका महिन्यात, कायद्याविरुद्धची एका वर्षात. त्याच मुदतीत कारणांसह संपूर्ण मांडणी करायची, मागाहून भर घालतो म्हणायची सोय नाही. आधी खालची सगळी कोर्टं पालथी घातलेली हवीत. झळ स्वतःला, आत्ता आणि थेट बसत असल्याचं दाखवायला हवं. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे जर्मन राज्यघटनेत पर्यावरणाचा मूलभूत हक्क असा नाहीच. १९९४ मध्ये घातलेलं कलम २० अ हे राज्याचं ध्येय सांगतं: येणाऱ्या पिढ्यांचं भान ठेवून निसर्गाचा आधार जपावा. आपल्या राज्यघटनेतल्या ४८ अ कलमाचं हे नात्यातलं भावंड म्हणा, जरा जास्त वजनाचं. सरकारवर ते बंधनकारक आहे, पण केवळ त्याच्या जोरावर नागरिकाला तक्रार करता येत नाही. जीव आणि आरोग्य, मालमत्ता, स्वातंत्र्य यांपैकी कुठल्या तरी हक्काचं बोट धरूनच आत जावं लागतं.

पण खरा उंबरठा कार्ल्सरुहला नाही. तो गावच्या नगरपालिकेत आहे.

मोठा प्रकल्प यायचा असला की त्याचे आराखडे संबंधित गावांच्या कचेरीत महिनाभर लोकांसाठी ठेवायचे, असा जर्मन प्रशासकीय प्रक्रिया कायद्याचा दंडक आहे. ठेवण्याआधी गावाच्या रिवाजाप्रमाणे जाहीर करायचं. 'गावाच्या रिवाजाप्रमाणे' हे शब्द वाचून मला आपली दवंडी आठवली. दवंडीच्या जागी आता राजपत्र, स्थानिक वर्तमानपत्र आणि संकेतस्थळ आलं, तरी कल्पना तीच. महिना संपल्यावर आणखी दोन आठवडे हरकत नोंदवता येते, लेखी द्या किंवा कचेरीत जाऊन तोंडी सांगून लिहवून घ्या. जाहीर सूचनेत एक वाक्य ठळकपणे असावंच लागतं: मुदतीनंतरच्या हरकतींचा विचार होणार नाही.

आपल्याकडेही असं वाक्य असतं. 'विहित मुदतीनंतर आलेल्या हरकती व सूचना विचारात घेतल्या जाणार नाहीत.' आपण ते वाचून सोडून देतो, कारण पुढे हायकोर्ट आहे. जर्मनीत दीर्घकाळ या वाक्याला फार लांब शेपूट होतं. कचेरीत जी हरकत मुदतीत घेतली नाही, ती पुढे न्यायालयातही घेता येत नसे. 'बघू, कोर्टात बोलू' हा आपला हुकमी मार्गच बंद. या नियमाला ते 'प्रेक्लुझियोन' म्हणतात. संग्रहात मी त्यासाठी 'हरकतबंदी' हा शब्द वापरला आहे. सुंदर नाही, पण काम करतो.

हरकतबंदीची ताकद कळावी म्हणून वीलचं प्रकरण सुरुवातीला ठेवलं आहे. ऱ्हाइन नदीच्या काठी, फ्रान्सच्या सीमेला लागून काइझरश्टूल नावाचा द्राक्षमळ्यांचा टापू आहे. तिथल्या वील गावात अणुवीज प्रकल्प येणार होता. शीतमनोऱ्यांच्या वाफेनं धुकं वाढेल आणि द्राक्षं जातील, ही मळेवाल्यांची पहिली भीती होती, किरणोत्साराची चर्चा नंतर वाढत गेली. १८ फेब्रुवारी १९७५ रोजी लोकांनी जागेचा ताबा घेतला. दोन दिवसांनी पोलिसांनी त्यांना हुसकावलं, २३ तारखेला सुमारे २८ हजार माणसं जमली आणि जागा पुन्हा लोकांच्या ताब्यात गेली. त्यांची घोषणा तिथल्या अलेमानिक बोलीत होती. तिचा अर्थ एवढाच: नाही, असं आम्ही सांगितलंय.

सांगितलंय खरं, पण कधी, कुणाला आणि कोणत्या कागदावर? न्यायालयाला तेच विचारायचं होतं. शेजारच्या जासबाख गावानं ग्रामसंस्था म्हणून दावा लावला होता. मुदतीत पुरेशा स्पष्टपणे न घेतलेल्या हरकती नंतर घेता येणार नाहीत, या मुद्द्यावर ते अडलं. प्रकरण कार्ल्सरुहला गेलं. ८ जुलै १९८२ च्या निकालात घटना न्यायालयानं हरकतबंदी घटनेत बसते असं ठरवलं, आणि वर ग्रामसंस्थेला मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा आधार घेता येत नाही असंही सांगितलं. हजारो माणसं थंडीत कुडकुडत 'नाही' म्हणत उभी होती, आणि कायद्याच्या लेखी ते 'नाही' मोघम होतं. गमतीचा भाग असा की वीलचा प्रकल्प झालाच नाही. खटल्यात शासनाची सरशी झाली, पण राजकारणात प्रकल्प मेला, आणि ती जागा आज निसर्गासाठी राखीव आहे.

इथे हरकतबंदीच्या बाजूनंही दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर वाचकाला वाटेल की जर्मन कायदा निव्वळ आडमुठा होता. हरकत वेळेत आली तर आराखडा बदलता येतो. इमारत उभी राहिल्यावर आलेली हरकत सगळ्यांचंच नुकसान करते. आणि आम्ही वकील लोक काही साधे नव्हे. हुकमाचा पत्ता शेवटच्या डावासाठी राखून ठेवायची सवय आमच्या हाडात आहे, मीही ते केलेलं आहे. तेव्हा 'जे बोलायचं ते वेळेवर बोला' ही अट मुळात गैर नाही. ती गैर होते ती तिच्या जोडीची अट, म्हणजे 'जे दाखवायचं ते नीट दाखवा', सुटली की. जैतापूर प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली, तेव्हा पर्यावरण अहवालाची मराठी प्रत गावांना वेळेत मिळाली नाही, ही ग्रामस्थांची एक मोठी तक्रार होती. ज्यानं कागद पाहिलाच नाही, त्यानं मुदतीत मुद्देसूद हरकत कशी घ्यायची?

म्हणून वीलनंतर लगेच म्युल्हाइम-केर्लिश. संग्रहातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण हे, आणि ते लांबलं आहे याची मला कल्पना आहे.

कोब्लेन्झ शहराजवळ ऱ्हाइनच्या काठावर हा अणुवीज प्रकल्प. बांधकामाच्या जागेखाली भूस्तरात भेग असल्याचं लक्षात आलं, तेव्हा अणुभट्टीची इमारत मूळ आराखड्यातल्या जागेवरून सुमारे ७० मीटर सरकवण्यात आली आणि तिची रचनाही बदलली. पण बदललेल्या इमारतीसाठी परवानगीची प्रक्रिया नव्यानं, लोकांना बोलावून, पूर्ण झाली नाही. ७० मीटर म्हणजे किती? आमच्या कोर्टाच्या फाटकापासून बार रूमपर्यंत, पायी मिनिटभर. लोकांसमोर नकाशा होता एका जागेचा, इमारत उभी राहत होती दुसऱ्या जागेवर. सात किलोमीटरवर राहणारी एक बाई कोर्टात गेली आणि पुढे कार्ल्सरुहपर्यंत पोचली.

२० डिसेंबर १९७९ रोजी ती हरली. पण न्यायालयानं तिला परत पाठवताना एक गोष्ट लिहून ठेवली, जिच्यावर पुढची चाळीस वर्षं जर्मन वकील जगत आले आहेत. अणुकायद्यातले प्रक्रियेचे नियम, म्हणजे सूचना द्या, कागद ठेवा, हरकती ऐका हे सारे, नागरिकांच्या जीविताच्या रक्षणासाठी आहेत. अधिकाऱ्यानं ते डावलले तर मूलभूत हक्काचाच भंग होऊ शकतो. दोन न्यायमूर्तींना एवढंही पुरेसं वाटलं नाही, त्यांनी भिन्नमत नोंदवलं.

प्रकल्प बांधून झाला. १९८७ च्या ऑगस्टमध्ये व्यापारी पातळीवर वीज सुरू झाली. ९ सप्टेंबर १९८८ रोजी संघीय प्रशासकीय न्यायालयानं त्याची पहिली अंशतः परवानगी बेकायदा ठरवली आणि अणुभट्टी बंद झाली, ती पुन्हा कधीच सुरू झाली नाही. अब्जावधी मार्कांचा खर्च आणि जेमतेम तेरा महिन्यांची वीज. १६२ मीटर उंचीचा शीतमनोरा तीस वर्षं नुसता उभा होता, तो ९ ऑगस्ट २०१९ रोजी पाडला. प्रक्रियेचे नियम म्हणजे बाबूगिरी, विकासाला खीळ, असं हिरिरीनं म्हणणाऱ्या मित्रांना मी हा हिशेब सांगतो. पुन्हा एकदा कागद लोकांपुढे ठेवायला फार तर काही महिने गेले असते.

तरीही हरकतबंदी टिकून राहिली. ती मोडली बाहेरून. १९९८ च्या आरहूस करारानं पर्यावरणाच्या बाबतीत माहितीचा, सहभागाचा आणि न्यायालयात जाण्याचा हक्क युरोपभर मान्य केला. जर्मनीनं २००६ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला, पण हातचं राखून. पर्यावरण संघटनांना कोर्टात जाता येईल, मात्र कुणा व्यक्तीला हक्क देणारा नियम मोडला असेल तरच. नदीला, पाणथळीला, वटवाघळाला व्यक्तिगत हक्क नसतात, त्यामुळे निसर्गरक्षणाचे बहुतेक नियम आपोआप बाहेर राहिले. ल्युनेन इथल्या कोळसा वीजप्रकल्पाच्या खटल्यात १२ मे २०११ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं ही अट काढून टाकली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ऱ्हाइनकाठच्याच आल्ट्रिप गावाच्या खटल्यात पर्यावरण मूल्यांकनातल्या चुकांनाही आव्हान देता येतं, हे ठरलं. आणि १५ ऑक्टोबर २०१५ रोजी युरोपीय आयोग विरुद्ध जर्मनी या खटल्यात हरकतबंदीचाच नंबर लागला. पर्यावरण मूल्यांकन लागणाऱ्या प्रकल्पांत कचेरीत न घेतलेला मुद्दा कोर्टातही बंद, हे युरोपीय कायद्यात बसत नाही. मुद्दाम, वाईट हेतूनं दडवलेला मुद्दा मात्र नाकारता येईल.

२०१७ मध्ये जर्मनीनं कायदा बदलला, आणि बदलताना दुसरीकडे एक खुंटी ठोकून ठेवली. दावा दाखल झाल्यापासून दहा आठवड्यांत सगळी वस्तुस्थिती आणि पुरावे मांडायचे. मुदत गेली नाही, नुसती कचेरीतून कोर्टात आली. जर्मन सहकाऱ्यांशी बोलताना मला जाणवलं की त्यांना यात काहीच वावगं वाटत नाही. आमच्याकडे कैफियत दाखल करायला तीनदा मुदत मागणाऱ्याला हे ऐकून घाम फुटेल.

आता कार्ल्सरुहचा २०२१ चा हवामानाचा निकाल. हा संग्रह बहुतेक वाचक त्याच्यासाठीच हातात घेतील. त्याचं महत्त्व सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी फक्त दाराकडे बोट दाखवतो. त्याआधी ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात तीन शेतकरी कुटुंबांचा दावा उंबरठ्यावरच संपला होता. २०२० पर्यंत उत्सर्जन ४० टक्क्यांनी घटवण्याचं सरकारचं वचन पाळायला लावा, अशी त्यांची मागणी. ते वचन राजकीय आहे, नागरिकाला त्यावर हक्क सांगता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यांतलं एक कुटुंब उत्तर समुद्रातल्या पेलवोर्म बेटावरचं, बंधाऱ्याच्या आधारानं शेती करणारं. खारबांध फुटला की काय होतं, हे ज्याला रायगडात किंवा सिंधुदुर्गात कळतं त्याला पेलवोर्म समजावून सांगावं लागत नाही.

मग हवामान संरक्षण कायदा आला, १८ डिसेंबर २०१९ पासून लागू. आता वचन राहिलं नाही, कायदा झाला, आणि कायद्याविरुद्ध थेट तक्रारीला एक वर्षाची मुदत. या निकालापर्यंत पोचलेल्या चार तक्रारींपैकी एक २०१८ चीच होती, बाकी तिन्ही २०२० च्या सुरुवातीला दाखल झाल्या. त्यांत हवामान चळवळीतल्या लुईझा नॉयबाउअरसारखे तरुण होते, पेलवोर्मचं कुटुंब होतं, बांगलादेश आणि नेपाळमधले लोकही होते. पर्यावरण संघटनाही होत्या, पण निसर्गाच्या वतीनं घटनात्मक तक्रार करायचा मार्ग कायद्यात नाही, म्हणून त्या दारातच राहिल्या. 'झळ तर सगळ्या जगालाच बसते, मग तुमचं वेगळं काय?' हा आक्षेप मात्र न्यायालयानं मानला नाही. सगळ्यांना लागतं म्हणून एकट्याला लागलेलं कमी होत नाही.

नोटीस इथेही आहे, पण ती देतं न्यायालय. तक्रार विचारात घेतली की कायदेमंडळाला आणि सरकारला म्हणणं मांडायची संधी न्यायालय स्वतः देतं. कलम ८० नं पक्षकाराच्या गळ्यात घातलेलं काम तिथे न्यायाधीशाचं आहे.

२४ मार्च २०२१ चा निकाल २९ एप्रिलला जाहीर झाला. कायद्यानं २०३० पर्यंतचे टप्पे दिले होते, पुढचं मोघम सोडलं होतं. उत्सर्जनाची बरीचशी शिल्लक आधीच उडवली, तर २०३० नंतर तरुणांच्या स्वातंत्र्यावर एकदम कुऱ्हाड चालवावी लागेल. म्हणून ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत पुढचा मार्ग ठरवा, असा आदेश झाला. हा निकाल पुन्हा वाचताना मला बागायतदारांचा प्रश्न आठवला. न्यायालयाच्या म्हणण्याचा एक भाग सरळ असा आहे की पुढे काय घटवायचं ते लोकांना पुरेसं आधी कळायला हवं, म्हणजे त्यांना तयारीला वेळ मिळेल. राज्यानं येणाऱ्या पिढीला द्यायची ही मुदतीची नोटीसच झाली. संसदेनं ती दिली, ठरल्या तारखेच्या बऱ्याच आधी: २०३० पर्यंत ६५ टक्के घट, २०४० पर्यंत ८८, २०४५ पर्यंत निव्वळ शून्य.

यावरून जर्मनीत सगळं सुतासारखं सरळ झालं, असं कुणी समजू नये. युक्रेनवर हल्ला झाला, रशियाचा वायू थांबायची भीती उभी राहिली, आणि २०२२ मध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूच्या टर्मिनलांसाठी घाईचा कायदा आला. कागद पाहायच्या आणि हरकतींच्या मुदती महिन्यावरून आठवड्यावर आल्या. विल्हेल्म्सहाफेनचं टर्मिनल त्याच वर्षी १७ डिसेंबरला सुरू झालं. वेगाचं फार कौतुक झालं. संकट खरं होतं, हेही मान्य. पण आठवड्याच्या मुदतीत हरकत कोण घेऊ शकतं? ज्याच्याकडे पगारी वकील आणि जीवशास्त्रज्ञ आहेत तो. मच्छीमाराला एवढ्यात कागदाच्या ढिगातलं आपल्या कामाचं पान सापडेपर्यंत शनिवार उजाडतो.

२०२४ मध्ये हवामान कायदा सैल करण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ५० हजारांहून अधिक नागरिकांच्या नावे नवी तक्रार कार्ल्सरुहला गेली. घटना न्यायालयापुढच्या वकीलपत्राला जर्मन कायद्यात एक अट आहे: ते लेखी हवं. एवढ्या माणसांची वकीलपत्रं जमवायची, तीही कायदा लागू झाल्यापासून वर्षाच्या आत. माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्याला एक रबर पुरतं.

बागायतदारांनी शेवटी लेखी हरकत दिली, चार पानी, मीच मसुदा केला. त्यांच्या प्रतीवर आवक शिक्का आहे. अर्धवट उमटल्यामुळे महिना वाचता येतो, तारीख नाही. म्हणून त्यांनी शेजारी बॉलपेननं तारीख घातली आणि खिडकीतल्या माणसाची सही घेऊनच घरी गेले.